भाव चढला की ऑर्डर रद्द!

२०२५ च्या दिवाळीआधीची गोष्ट. लक्ष्मीपूजनासाठी चांदीची दोन नाणी ऑनलाइन मागवली. पैसे कापले, ऑर्डर कन्फर्म झाली. चांदी तेव्हा रोज चढत होती. चौथ्या दिवशी मेसेज : माल शिल्लक नाही, ऑर्डर रद्द. अन् तेच नाणं, त्याच विक्रेत्याकडं, वाढीव भावात हजर!

लोक म्हणतात, पैसे परत आले ना, मग कशाला ओरडता? अहो, त्या पैशात आता तेवढी चांदी येते का? भाव पडला असता तर हाच विक्रेता नाणी घेऊन दारात उभा राहिला असता.

आमच्या मोंढ्यात शेतकऱ्यानं सोयाबीनचा सौदा केला अन् भाव वाढला म्हणून पोती परत नेली, तर त्याला कुणी सोडेल का?

१८७२ च्या करार कायद्याचं कलम ७३ बघा. त्यात ५० मण सोऱ्याचं उदाहरणच आहे : विकणाऱ्यानं शब्द मोडला तर ठरलेला भाव आणि बाजारभाव यातला फरक त्यानं भरून द्यायचा. सोऱ्याला जे लागू, ते नाण्याला का नाही?

२०२० च्या ई-कॉमर्स नियमांत मात्र पळवाट आहे. ग्राहकाकडून रद्द करण्याचे पैसे घेत असाल, तरच स्वतः रद्द केल्यावर तसेच सोसा. घेतच नसाल तर मोकळे! सरकारनं हे बदलावं. फरक आपोआप मिळावा.

तोवर स्क्रीनशॉट जपून ठेवा अन् १९१५ वर तक्रार करा. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीसाठी जिल्हा ग्राहक आयोगात फी लागत नाही. रक्कम छोटी म्हणून आपण गप्प बसतो, त्यावरच यांचा धंदा चालतो.