मेजवानीला न आलेला माणूस

ऐंशीच्या दशकातल्या मुंबईच्या उच्चभ्रू साहित्यिक वर्तुळाचे वाभाडे काढणारा चित्रपट, अशी गोविंद निहलानींच्या १९८४ सालच्या 'पार्टी'ची ओळख करून दिली जाते. ती खोटी नाही. पण त्या वर्तुळापासून दीड तासाच्या लोकल प्रवासाइतके दूर राहणाऱ्या आपल्यासारख्यांना ती फार सोयीची आहे. दुसऱ्याचे वाभाडे निघताना पाहणे कोणाला आवडत नाही? अंबरनाथ-बदलापूरच्या वाचकाने हा चित्रपट पाहावा, 'काय ही पोकळ माणसे!' म्हणून मान हलवावी आणि समाधानाने झोपी जावे, एवढ्यासाठी तो काढलेला नाही, असे माझे मत आहे. माझ्या एका मित्राचे मत याहून वेगळे आहे. आमचा हा वाद इतकी वर्षे चालला आहे की तो आता वाचकांपुढे ठेवायला हरकत नाही.

हा मित्र गाडीतला. मी अंबरनाथला चढायचो, तो उल्हासनगरला. उल्हासनगरच्या कॅम्पात जन्मलेला, घरी सिंधी, दुकानात हिंदी आणि आमच्या डब्यात अस्खलित मराठी बोलणारा. दोघेही आता निवृत्त आहोत. 'पार्टी'वर मात्र आमचे अजून एकमत झालेले नाही.

ज्यांनी चित्रपट पाहिलेला नाही त्यांच्यासाठी कथानक थोडक्यात सांगतो. महेश एलकुंचवारांच्या १९७६ च्या त्याच नावाच्या मराठी नाटकावर हा हिंदी चित्रपट बेतलेला आहे. दिवाकर बर्वे (मनोहर सिंग) या प्रतिष्ठित नाटककाराला मोठा पुरस्कार मिळाला आहे आणि कलावंतांच्या आश्रयदात्या दमयंती राणे (विजया मेहता) यांनी त्याच्या सन्मानार्थ मेजवानी ठेवली आहे. पाहुणे जमतात. मद्यात बुडालेली मोहिनी, क्रांतीची भाषा बोलणारी वृंदा, नाव कमावू पाहणारा तरुण कवी भरत, सगळे पाहून कशातच न गुंतणारा डॉक्टर. मोहिनीच्या भूमिकेसाठी रोहिणी हट्टंगडी यांना सहाय्यक अभिनेत्रीचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पण या मेजवानीचा खरा नायक तिथे आलेलाच नाही. अमृत नावाचा कवी शहर सोडून आदिवासींमध्ये काम करायला गेला आहे आणि बंगल्यातले प्रत्येक जण कोणत्या ना कोणत्या निमित्ताने त्याच्याविषयीच बोलत राहते. ओम पुरींचा अविनाश त्याची हकीकत घेऊन येतो, कला आणि राजकीय बांधिलकी यांवर कडाक्याचा वाद होतो आणि रात्र सरता सरता अमृत मारला गेल्याची बातमी येते.

माझ्या मित्राचा पहिला आक्षेप असा, की हा आपला सिनेमा नव्हे. "निहलानी आमचा माणूस," तो म्हणतो. "१९४० साली कराचीत जन्मलेला, फाळणीत घर सुटलेला. आमच्या आजोबांना सरकारने लष्कराच्या रिकाम्या बराकी दिल्या. राजगोपालाचारींनी १९४९ साली येऊन त्या वस्तीचे नाव 'उल्हासनगर' ठेवले. उल्हास कसला, ते आम्हाला ठाऊक. आणि हा गृहस्थ कॅमेरा घेऊन गेला कुठे, तर तुमच्या मराठी लेखकांच्या दारू पिण्यात!"

त्याला मी नेहमी आठवण करून देतो, की मराठी नाटक हे निहलानींचे उसने घर नव्हते. 'शांतता! कोर्ट चालू आहे'चे छायाचित्रण त्यांचे. 'आक्रोश' (१९८०) तेंडुलकरांनी लिहिला, 'अर्धसत्य' (१९८३) श्री. दा. पानवलकरांच्या कथेवरून आला. मध्यमवर्गाने स्वतःलाच अडचणीचे प्रश्न विचारण्याची सवय त्या काळी मराठी रंगभूमीला लागली होती, आणि ज्याला असे प्रश्न विचारायचे होते तो तिथे गेला. फाळणीकडेही ते वळलेच; 'तमस' १९८८ साली दूरदर्शनवर आले तेव्हा उल्हासनगरच्या घराघरांत काय शांतता पसरली होती, हे मला या मित्रानेच सांगितले आहे.

दुसरा आक्षेप काळाचा. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. तो संप रीतसर कधी मिटलाच नाही, माणसे मिटली. गिरणगावात भाडे परवडेना तेव्हा कितीतरी कुटुंबे याच मार्गावर पुढे पुढे सरकत आली. "आणि त्या बंगल्यात," मित्र म्हणतो, "संपाचा आवाज तरी येतो का?" येत नाही, हे खरे. पण तो येऊ नये इतक्या जाड भिंतींचा तो बंगला आहे, हेच तर दाखवायचे आहे. आणि पुढच्याच वर्षी, १९८५ मध्ये, निहलानींनी 'आघात' काढला. तो थेट कारखान्याच्या फाटकावर, कामगार संघटनांच्या झगड्यात उतरतो. दोन्ही चित्रपट शेजारी ठेवून पाहिले, तर ते एकाच शहराची दोन टोके वाटतात.

शिवाय आपल्या बाजूलाही ते दशक काही साधेपणाचे व्रत घेऊन बसलेले नव्हते. १९८२ च्या आशियाई खेळांबरोबर रंगीत टीव्ही आला, मागोमाग व्हीसीआर. परदेशी वस्तूंची अशी काही भूक लागली होती की ती भागवायला उल्हासनगर पुढे सरसावले. तिथल्या मालावरील 'मेड इन यूएसए' म्हणजे 'उल्हासनगर सिंधी असोसिएशन' हा विनोद तेव्हा साऱ्या लोकलभर फिरत असे. मित्र तो अभिमानाने सांगतो. "त्या दमयंतीबाईंच्या कपाटातलीसुद्धा एखादी इंपोर्टेड वस्तू आमच्या कॅम्पातली असेल," असे म्हणून तो हसतो. हसण्यावारी नेण्यासारखीच गोष्ट आहे. पण चैनीची नक्कल करणारे आणि ती नक्कल विकत घेणारे, दोघेही त्या मेजवानीच्या दारात ताटकळतच उभे होते, हेही त्यात आले. आत बोलावणे आले असते तर आपण नाही म्हटले असते काय?

मित्राचा तिसरा आक्षेप मात्र असा आहे की त्याला झटकून टाकता येत नाही. तो म्हणतो, "बंगल्यातली माणसे अमृतला वापरतात, हे तुझे म्हणणे कबूल. कोणी त्याच्या नावाने स्वतःची टोचणी शमवतो, कोणी त्याच्या नावाने आपली पुरोगामी प्रतिष्ठा वाढवतो. पण चित्रपट तरी वेगळे काय करतो? ज्यांच्यासाठी तो मेला, ते आदिवासी त्या गोष्टीत माणसे म्हणून कुठे आहेत? 'आक्रोश'मध्ये लहान्या भिकू निदान समोर बसलेला असतो. मुका का होईना, पण असतो. इथे तर शहरातला एक कवी शहीद होतो आणि शहरातलेच दुसरे दोन लेखक त्याची दुःस्वप्ने पाहतात."

मी याचे उत्तर असे देतो. चित्रपट बंगल्याबाहेर जात नाही, कारण तो ज्यांनी केला आणि ज्यांच्यासाठी केला ते सारे त्याच बंगल्यातले आहेत, आणि हे तो लपवत नाही. कॅमेरा जंगलात गेला असता, तर दोन तास तिथे राहून आल्याचे पुण्य प्रेक्षकाला फुकट मिळाले असते. ते त्याला नाकारलेले आहे. शेवटी बर्वे आणि भरत यांना रक्ताळलेला अमृत दिसतो, तो काही बोलू पाहतो आणि त्याचे शब्द आपल्यापर्यंत येत नाहीत. ज्याच्याविषयी रात्रभर इतके बोलणे झाले, त्याचे एक वाक्यही आपण ऐकू शकत नाही. एवढी कठोर शिक्षा मी दुसऱ्या कोणत्या चित्रपटाने आपल्या प्रेक्षकाला दिलेली पाहिली नाही.

मित्राला हे पुरेसे पटत नाही, आणि त्याचे न पटणे मला मोलाचे वाटते. कारण या वादातूनच 'पार्टी'चा माझ्या दृष्टीने खरा मुद्दा समोर येतो, आणि तो श्रीमंतीचा नसून अंतराचा आहे. अमृत आदरणीय वाटतो, कारण तो दूर आहे. दूरच्या माणसाविषयी हळहळायला काही खर्च येत नाही. पण तो खरोखर दूर होता का? पूर्वीच्या अखंड ठाणे जिल्ह्यात, तलासरी-डहाणूच्या बाजूला, १९४५ साली गोदावरी परुळेकर वारल्यांच्या वेठबिगारीविरुद्ध उभ्या राहिल्या. त्यांच्या 'जेव्हा माणूस जागा होतो' या पुस्तकाला साहित्य अकादमीचा पुरस्कारही मिळाला. ते पुस्तक आपल्या कपाटात असते. त्यातला माणूस मात्र आपल्या ओळखीचा नसतो.

आणखी जवळ यायचे तर वालधुनी आहे. अंबरनाथच्या १०६० सालच्या शिलाहारकालीन शिवमंदिराशेजारून ती वाहते आणि उल्हासनगरातून पुढे कल्याणकडे जाते. कारखान्यांच्या रासायनिक सांडपाण्याने तिचे काय झाले हे प्रत्येक प्रवाशाच्या नाकाला ठाऊक आहे. नोव्हेंबर २०१४ मध्ये उल्हासनगरात तिच्या पात्रात रात्री घातक रसायन ओतले गेले आणि काठावरच्या शेकडो लोकांना श्वास घेता येईना म्हणून इस्पितळात न्यावे लागले. त्या लोकांची नावे आपल्यापैकी किती जणांना माहीत आहेत? त्याच आठवड्यात आपल्या गावांतून व्याख्याने झाली असतील, सत्कार झाले असतील, शाली-श्रीफळे दिली गेली असतील. कोणी सांगावे, पर्यावरणावर परिसंवादही झाला असेल. दमयंती राणेंचा बंगला त्या घटकेला मलबार हिलवर नव्हता, तो नदीच्या काठावरच होता.

संमेलने, सत्कार, चर्चा यांना माझा विरोध नाही. माणसे बोलतात म्हणून तर विचार जिवंत राहतो, आणि मित्राशी केलेल्या वादातून मला जे मिळाले ते मूक सहानुभूतीतून मिळाले नसते. पण बोलण्याला एक साधी अट घालता येते: ज्याच्याविषयी बोलतो आहोत, तो बैठकीत आहे का? नसेल तर त्याला बोलावण्याचा प्रयत्न कोणी केला का? बदलापुरात ग्रंथसखासारखे ग्रंथालय उभे आहे, तिन्ही गावांत महाविद्यालये आहेत. त्यांपैकी कोणीतरी 'पार्टी' दाखवावा. त्यानंतरच्या चर्चेला व्यासपीठावर समीक्षक बसवण्याआधी वालधुनीकाठची चार माणसे बसवावीत आणि त्यांचे बोलणे पूर्ण होईपर्यंत इतरांनी गप्प राहावे. चित्रपटातल्या त्या रात्री ही एवढी गोष्ट कोणाला जमली नाही. आपल्याला जमते का, ते पाहू.