राजीनामा द्यायच्या आधी पॉलिसी हातात हवी



धंदा सुरू करायचा म्हटलं की आपण यादी करतो. उद्यम नोंदणी, बँकेत चालू खातं, गाळ्याचं डिपॉझिट, मशीनचं कोटेशन, पहिल्या तीन महिन्यांचा कच्चा माल. कुणी हळद पॅकिंगची यादी करतं, कुणी पेढ्यांच्या दुकानाची, कुणी लेथ घेऊन जॉबवर्कची. या याद्यांमध्ये एक ओळ बहुतेक वेळा नसते: नोकरी सुटल्यावर घरच्यांच्या दवाखान्याचं काय?

माझं मत सरळ आहे. नोकरी सोडून धंद्यात उतरणाऱ्याची पहिली खरेदी मशीन नाही, आरोग्य विमा आहे. राजीनाम्याचं पत्र नंतर, पॉलिसीचा कागद आधी. मत पटलं नाही तरी चालेल, पण खालचा हिशेब एकदा स्वतःच्या वहीत मांडून बघा.

कंपनीचा विमा कंपनीचाच असतो

कुपवाड, मिरज, सातारा, शिरवळ, कुठल्याही एमआयडीसीतल्या बऱ्यापैकी कंपनीत विम्याचं कार्ड मिळतं. वर्षानुवर्षं ते पाकिटात असतं, म्हणून ते आपलं आहे असं वाटायला लागतं. ते आपलं नसतं. ती गट पॉलिसी असते. पॉलिसीधारक कंपनी, तुम्ही त्यातले एक सदस्य. कंपनीतलं नाव कमी झालं की सदस्यत्व संपलं. बहुतेक ठिकाणी कामाच्या शेवटच्या दिवशीच.

बरं, गट पॉलिसी फार लाडाची असते. साधारणपणे जुने आजार पहिल्या दिवसापासून धरले जातात, कधी कधी आई-वडीलही त्यात असतात. स्वतःची नवीन पॉलिसी घ्यायला गेलात की असे लाड नसतात. पहिले ३० दिवस अपघात सोडून काही मिळत नाही. हर्निया, मोतीबिंदू, मूळव्याध यांसारख्या ठरावीक आजारांना बहुतेक पॉलिसींत दोन वर्षं थांबावं लागतं. आणि शुगर, बीपी, थायरॉईड असे आधीपासूनचे आजार असतील, तर विमा कंपनी जास्तीत जास्त ३६ महिने थांबायला लावू शकते. एप्रिल २०२४ च्या आधी ही मर्यादा ४८ महिन्यांची होती, म्हणजे थोडं हलकं झालंय. पण तीन वर्षं काही कमी नाहीत. आणि धंद्यातली सगळ्यात नाजूक तीन वर्षंही नेमकी हीच असतात.

हिशेब मांडू

समजा तुम्ही ३८ वर्षांचे आहात. साठवलेले आठ लाख आहेत. पाच लाख मशीन आणि गाळ्याला, दोन लाख खेळतं भांडवल, एक लाख घरखर्चाला. बायकोला शुगर आहे, मुलगी सहावीत आहे. चौथ्या महिन्यात घरातलं कुणीतरी दवाखान्यात जातं आणि दोन लाखांचं बिल होतं.

पैसे कुठून येणार? मशीन अर्धं विकता येत नाही. गाळ्याचं डिपॉझिट मालक लगेच देत नाही. उधारी मागितली तर गिऱ्हाईक म्हणतं, पुढच्या महिन्यात बघू. मग हात जातो तो खेळत्या भांडवलावर. कच्चा माल थांबतो, ऑर्डर हुकते आणि सहा महिन्यांत तुम्ही परत जुन्या सुपरवायझरला फोन लावता. लोक म्हणतात, "ह्याला धंदा जमला नाही." धंदा जमत होता, बिल जमलं नाही.

आपल्याकडे मिरज आहे. १८९४ साली तिथं मिशन हॉस्पिटल सुरू झालं, आज कर्नाटकातूनही पेशंट मिरजेला येतात. कराडला, साताऱ्याला मोठी हॉस्पिटलं आहेत. चांगला डॉक्टर तासाभराच्या अंतरावर आहे हे आपलं नशीब. पण डॉक्टर जवळ असला म्हणून बिल लहान होत नाही.

कोणकोणती दारं उघडी आहेत?

पहिलं दार: जुन्याच विमा कंपनीत राहणं. हे फार कमी लोकांना माहीत असतं आणि एचआर आपणहून क्वचितच सांगतं. गट पॉलिसीतल्या सदस्याला, कुटुंबासकट, त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक किंवा फॅमिली फ्लोटर पॉलिसीत जाता येतं. याला मायग्रेशन म्हणतात. फायदा असा की गट पॉलिसीत काढलेली वर्षं वेटिंग पीरियडमधून वजा होतात. चार वर्षं सलग गट विम्यात असाल, तर शुगरसाठी पुन्हा शून्यापासून मोजणी नको. पण तीन गोष्टी लक्षात ठेवा. एक, विमा कंपनी तब्येत तपासून मगच ठरवते, डोळे झाकून घेत नाही. दोन, ही सवलत जुन्या विम्याच्या रकमेपुरतीच मिळते. गट विमा तीन लाखांचा होता आणि आता दहा लाखांचा घेतला, तर वरच्या सात लाखांना नवीन नियम. तीन, कव्हर संपायच्या आत अर्ज हवा. म्हणून नोटीस पीरियडच्या पहिल्याच आठवड्यात एचआरला ईमेल करा: विमा कंपनी कोणती, पॉलिसी नंबर काय, माझं कव्हर कोणत्या तारखेला संपतं, मी कधीपासून सदस्य आहे. उत्तर लेखी घ्या, तोंडी नको.

दुसरं दार: ईएसआय. पगार मर्यादेच्या आत असेल (२०१७ पासून ही मर्यादा महिना २१,००० रुपये धरली गेली), तर तुमच्या पगारातून ०.७५ टक्के आणि मालकाकडून ३.२५ टक्के वर्गणी जात असते. ईएसआय नोकरी सुटल्याच्या दिवशीच बंद होते असं समजू नका. एप्रिल ते सप्टेंबरच्या वर्गणीवर पुढच्या जानेवारी ते जूनमधले लाभ ठरतात, ऑक्टोबर ते मार्चच्या वर्गणीवर जुलै ते डिसेंबरमधले. अटी पूर्ण असतील तर काही महिने उपचार चालू राहू शकतात. कार्ड कपाटात टाकण्याआधी शाखा कार्यालयात जाऊन तारीख विचारून घ्या. पण हे दार हळूहळू बंद होणारं आहे. तेवढ्या वेळात दुसरी सोय करायची.

तिसरं दार: जोडीदाराची नोकरी. नवरा किंवा बायको नोकरीत असेल तर त्यांच्या गट विम्यात नाव घालता येतं का, ते विचारा. धंदा एकाने सुरू करायचा आणि एकाने नोकरी टिकवायची, हे आपल्याकडे बऱ्याच घरांत चालतं. त्यात पगाराइतकाच हा विमाही मोलाचा असतो.

चौथं दार: सरकारी योजना. महात्मा ज्योतिराव फुले जनआरोग्य योजना. २०१२ साली ही राजीव गांधी जीवनदायी नावाने आठ जिल्ह्यांत सुरू झाली आणि २०१३ मध्ये राज्यभर गेली. तेव्हा पिवळ्या आणि केशरी कार्डाची अट होती, म्हणून अनेकांच्या डोक्यात अजून "ती आपल्यासाठी नाही" असंच आहे. २८ जुलै २०२३ च्या शासन निर्णयाने पांढऱ्या रेशन कार्डासकट राज्यातल्या सगळ्या कुटुंबांना ती खुली केली आणि मर्यादा कुटुंबाला वर्षाला ५ लाख केली. घरात सत्तरीच्या पुढचे आई-वडील असतील तर त्यांचं आयुष्मान वय वंदना कार्डही काढा. ऑक्टोबर २०२४ पासून उत्पन्न न बघता ५ लाखांचं संरक्षण आहे.

मग खासगी पॉलिसी कशाला? कारण योजना ठरलेल्या यादीतल्या उपचारांना आणि अंगीकृत रुग्णालयांनाच लागू आहे. रात्री दोन वाजता तुम्ही ज्या दवाखान्यात पोहोचाल तो त्या यादीत असेलच असं नाही. म्हणून मी योजनेला नावं ठेवत नाही, पण एकट्या तिच्यावर विसंबूही नका. रेशन कार्डावर सगळ्यांची नावं आहेत का, आधारशी जुळतात का, हे आजच बघा. तुमच्या भागातली अंगीकृत रुग्णालयं १५५३८८ वर विचारून भिंतीवर लिहून ठेवा.

पाचवं दार: बाजारातून नवीन पॉलिसी. नोकरीत असतानाच घ्या. गट विमा चालू आहे तोवर वेटिंग पीरियडची घड्याळं चालू करून टाका. दोन वर्षांनी धंदा करणार असाल, तर आज घेतलेली पॉलिसी दोन वर्षांनी बरीचशी तयार झालेली असेल. माझ्या मते हा सगळ्यात शहाणा रस्ता आहे. "पण जीएसटी लागतो" हे कारणही आता उरलं नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आणि फॅमिली फ्लोटर आरोग्य पॉलिसीवरचा १८ टक्के जीएसटी शून्य झाला आहे. आधी २०,००० च्या प्रीमियमला २३,६०० जायचे, आता तेवढ्याच प्रीमियमला २०,०००.

पॉलिसी घेताना फसायच्या जागा

रूम भाड्याची मर्यादा बघा. पाच लाखांच्या पॉलिसीत रोजची खोली एक टक्का, म्हणजे ५,००० पर्यंत, असं लिहिलेलं असतं. तुम्ही ८,००० ची खोली घेतली तर फक्त वरचे ३,००० खिशातून जातील असं वाटतं. तसं होत नाही. डॉक्टरांची फी, ऑपरेशन थिएटर असे खोलीशी जोडलेले खर्चही त्याच प्रमाणात, म्हणजे आठातले पाच भागच मिळतात. एक लाखाच्या अशा खर्चावर साडेसदतीस हजार तुमच्या माथी. शक्य असेल तर ही मर्यादा नसलेली पॉलिसी घ्या.

आजार लपवू नका. "फॉर्मवर शुगर लिहू नका, प्रीमियम वाढेल" असं सांगणारा भेटला तर तिथून उठा. क्लेम नाकारला जाईल तेव्हा तो फोन उचलणार नाही. पॉलिसी सलग ६० महिने चालली की माहिती दडवली या कारणाने कंपनी क्लेम नाकारू शकत नाही, पण सिद्ध झालेली फसवणूक त्यातही माफ नाही. फॉर्म स्वतः वाचा, स्वतः भरा.

पॉलिसी हातात आल्यावर ३० दिवसांत पटली नाही तर परत करता येते. तेवढ्या दिवसांत निवांत वाचा. पुढे कंपनी बदलायची झाली तर पोर्टिंगचा अर्ज नूतनीकरणाच्या किमान ४५ दिवस आधी करा. क्लेमवरून वाद झाला तर आधी विमा कंपनीकडे लेखी तक्रार, तिथं काम झालं नाही तर विमा लोकपाल. आपल्यासाठी त्यांचं कार्यालय पुण्यात आहे.

"सर, एवढे पैसेच नाहीत"

हे मला मान्य आहे. सगळ्यांकडे आठ लाख नसतात. काही जण पीएफच्या पैशावर चहा-नाश्त्याची गाडी टाकतात. त्यांना दहा लाखांची पॉलिसी घ्या म्हणणं म्हणजे पोटात भूक असताना ताटाचं वर्णन सांगणं.

मग निदान एवढं करा. फुले योजनेचे कागद नीट. बँक खात्यातून प्रधानमंत्री सुरक्षा विमा, वर्षाला २० रुपये, अपघाती मृत्यू किंवा पूर्ण अपंगत्वाला २ लाख. जीवन ज्योती विमा, वर्षाला ४३६ रुपये, २ लाख. हे दवाखान्याचं बिल भरत नाहीत, हे नीट समजून घ्या, पण घर उघड्यावर पडू देत नाहीत. आणि परवडेल तेवढी, तीन-पाच लाखांची का होईना, पॉलिसी सुरू करा. धंदा रुळला की स्वस्तातला सुपर टॉप-अप जोडा. तो ठरलेल्या रकमेच्या वरचा खर्च उचलतो.

आणि तेवढंही जमत नसेल, तर राजीनामा सहा महिने पुढे ढकला. हे ऐकायला कडू आहे. प्रेरणा देणारे लोक "उडी मारा" म्हणतात. मी म्हणतो उडी जरूर मारा, पण विहिरीत पाणी किती आहे हे बघून मारा. सहा महिने उशिरा सुरू झालेला धंदा चालू शकतो. चौथ्या महिन्यात भांडवल दवाखान्यात गेलेला धंदा उभा करणं फार अवघड असतं.

उद्या तुम्ही मालक व्हाल तेव्हा

एक मागणी कंपन्यांकडे आहे. माणूस नोकरी सोडतो तेव्हा रिलीव्हिंग लेटर देता, पीएफचा फॉर्म देता. त्याच्यासोबत एक पान द्या: विमा अमुक तारखेला संपतोय, वैयक्तिक पॉलिसीत जायचं असेल तर इथं अर्ज करा. कंपनीला याचा खर्च एका कागदाचा आहे.

आणि तुमच्याकडूनही हीच अपेक्षा आहे. आज तुम्ही एकटे आहात, दोन वर्षांनी हाताखाली पाच माणसं असतील. त्यांच्या दवाखान्याचा विचार पहिल्या दिवसापासून करा. ज्या घरात आजारपणाची धास्ती नाही त्या घरातला कारागीर टिकतो.

आता कृती. या रविवारी बसा आणि चार गोष्टी काढा: सध्याच्या गट विम्याचं कार्ड, रेशन कार्ड, घरातल्या प्रत्येकाच्या चालू गोळ्यांची चिठ्ठी आणि महिन्याला किती प्रीमियम झेपेल तो आकडा. सोमवारी एचआरला ईमेल. बाकी सगळं, मशीन, गाळा, बोर्डाचा रंग, त्यानंतर.