लागोसचं ऑफर लेटर दोघांचं असतं!

पॅकेज झक्कास, फ्लॅट कंपनीचा, दिमतीला ड्रायव्हर! नायजेरियातल्या लागोसची ऑफर आली की पुण्यातल्या घरात पहिला प्रश्न येतो, ‘सेफ आहे ना रे?’ दुसरा राहूनच जातो. एकाला तिथे ऑफिस मिळतं. करिअर सोडून सोबत जाणाऱ्याला काय? चार भिंती आणि जनरेटरची घरघर? सही करण्याआधीच एचआरला विचारा, जोडीदाराच्या व्हिसावर नोकरी करता येते का?

बाकी तयारी सोपी. यलो फीवरची लस निघण्याच्या किमान १० दिवस आधी घ्या. कार्ड जपा, परतताना ते नसेल तर भारतात ६ दिवसांपर्यंत क्वारंटाइन! मलेरियाबद्दल डॉक्टरांशी बोला.

खाण्याचं टेन्शन नको. तिथला ‘अकारा’ म्हणजे चवळीचे वडेच की! ‘गारी’ ज्या कसाव्याची, त्याच कंदाचा आपला साबुदाणा. बाजारात जा, शेजारणीला रेसिपी विचारा; ओळखी अशाच होतात. आणि त्या लागतातच. लागोसला रात्री आठ वाजता गप्पा माराव्याशा वाटतात, तेव्हा पुण्यात साडेबारा वाजलेले असतात. आई केव्हाच झोपलेली असते!