वादळात बोट फुटली: सरकारी मदत मिळाली, मग विमा कशाला?

16 मे 2021 रोजी तौक्ते वादळ सिंधुदुर्ग किनाऱ्याजवळून गेलं. देवगडच्या आनंदवाडी बंदरात नांगरलेल्या नौकाही बुडाल्या. राज्य सरकारने पूर्ण नष्ट झालेल्या बोटीला 25 हजार, तर अंशतः नुकसानीला 10 हजार रुपये मदत ठरवली.

ही मदत होती, भरपाई नव्हे. इंजिनासकट यांत्रिक नौका लाखोंच्या घरात जाते. मधली तफावत भरून काढू शकतो तो फक्त बोटीचा विमा.

पण दावा अडकतो कुठे?

सर्व्हेअर येण्याआधीच दुरुस्ती केली, तर नुकसान वादळानेच झालं हे दाखवणं कठीण जातं. उलट बोट तशीच पाण्यात सोडली, तरी अडचण. कारण सागरी विमा कायदा, 1963 नुसार नुकसान वाढू न देणं ही मालकाचीही जबाबदारी आहे.

मग करायचं काय?

- आधी फोटो आणि व्हिडिओ काढा, कंपनीला लगेच लेखी कळवा.
- सरकारी पंचनाम्याची प्रत घ्या.
- बोट किनाऱ्यावर ओढणं, पाणी उपसणं, इंजिन वाचवणं ही कामं थांबवू नका. पावत्या जपा.
- फळ्या किंवा फायबर बदलण्याचं काम सर्व्हे झाल्यावरच.

आणि पॉलिसी आजच वाचा. काही स्वस्त पॉलिसी बोट पूर्ण नष्ट झाली तरच पैसे देतात. पावसाळ्यात बोट शाकारून ठेवलेली असताना संरक्षण चालू असतं का, हेही विचारून घ्या. वादळानंतर हे प्रश्न विचारून उपयोग नसतो.