मंडपात पंचशील, मंडपामागे बाटली



१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरास डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या लक्षावधी अनुयायांना २२ प्रतिज्ञा दिल्या. त्यांतील १७ वी प्रतिज्ञा दारू न पिण्याची आहे. धम्म स्वीकारताना आपणही ती उच्चारली असेल. आता घरात लग्न निघेल आणि वडीलधारी मंडळी म्हणतील, "आपण पिऊ नये हे खरे, पण सोयऱ्यांना पाजावी तर लागेलच. हळदीच्या रात्री बाटली निघाली नाही, तर व्याह्यांचा मान तो काय राहिला?"

मी व्यवसायाने वकील आहे. शब्दांच्या फटीतून निसटू पाहणारे युक्तिवाद नित्य ऐकतो. हा त्यांपैकीच एक. प्रतिज्ञा पिण्याविषयी आहे, पाजण्याविषयी नाही, हे त्याचे सार. परंतु ही फट भगवान बुद्धांनीच बुजवून ठेविली आहे. सुत्तनिपातातील धम्मिक सुत्तात गृहस्थाचे आचरण सांगताना त्यांनी तीन गोष्टी वर्ज्य ठरविल्या: स्वतः मद्य पिणे, दुसऱ्यास पाजणे आणि पिणाऱ्यास संमती देणे. मग यजमान कसा सुटणार?

हे काम कायद्यावर सोपवूनही भागणार नाही. संविधानाचे ४७ वे कलम शासनास मद्यबंदीसाठी प्रयत्न करावयास सांगते. परंतु ते मार्गदर्शक तत्त्व आहे, त्याची अंमलबजावणी न्यायालयाकडून करवून घेता येत नाही. शील मात्र आपण स्वमुखाने घेतो. तेथे साक्षीदार आपण आणि न्यायाधीशही आपणच.

शिवाय हा मान कोणाच्या पैशाने राखला जातो? पुष्कळदा वधूपित्याच्या कर्जाने. वरातीत मारामारी झाली, तर तिचे टोमणे सासरी त्या मुलीनेच ऐकावयाचे. गावगाड्याने आपणांस माणूस म्हणून मान दिला नाही. तो मिळविण्यासाठी आपण धम्माच्या वाटेने निघालो. तोच मान बाटलीत शोधणे आपणांस शोभते काय?

म्हणून सोयरीक जुळवितानाच दोन्ही घरांनी हा निर्णय करावा आणि पत्रिकेत तो स्पष्ट छापावा. पाहुण्यांच्या पानात खीर वाढावी. सुजातेच्या खिरीची आठवण धम्मात आहेच. वाचलेल्या पैशांतून नवदांपत्याच्या नावे पोस्टात खाते उघडावे. एखादा सोयरा रुसेल. त्याची समजूत पुढे घालता येईल. परंतु ज्या मंडपात वधूवरांनी पंचशील ग्रहण केले, त्याच मंडपामागे ते मोडले, तर त्यांच्या मुलांना आपण धम्म कोणत्या तोंडाने शिकविणार?