काट्यावर न चढलेलं वजन

लकडगंज हे नाव लाकडाच्या पेठेचं आहे आणि अजून ते खोटं ठरलेलं नाही. आरामशीनवर सागाचा ओंडका चिरला की फळ्या एकीकडे पडतात, कडा दुसरीकडे, झिलप्या तिसरीकडे आणि भुसा खाली साठत जातो. यातलं काही फेकलं जात नाही. कडा खोकी ठोकणाऱ्याकडे जातात, झिलप्या चुलीसाठी, भुसा पोत्यानं विकला जातो. झिलप्या वेचणाऱ्या आणि भुसा भरणाऱ्या बहुतेक बायका असतात. ‘चक्राकार अर्थव्यवस्था’ हा शब्द परिषदांमधून ऐकू येण्याच्या कितीतरी आधीपासून हे चालत आलं आहे. मालकाच्या वहीत फळ्यांची नोंद असते. बायकांच्या कामाची कुठल्याच वहीत नसते.

हे आत्ता लिहायचं कारण म्हणजे आता कचऱ्याच्या धंद्यात वहीची जागा संगणकानं घेतली आहे. लकडगंज हा नागपूर महानगरपालिकेच्या दहा झोनपैकी आठवा. घरोघरचा कचरा उचलणारी गाडी कुठल्या गल्लीत आहे हे पडद्यावर दिसतं, भांडेवाडीला तिचं वजन होतं तेही संगणकात जातं, आणि प्लास्टिकचा पुनर्वापर झाल्याची प्रमाणपत्रं केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पोर्टलवर निघतात. आपल्यातल्या काही मैत्रिणी म्हणतात, हा तंत्रज्ञांचा प्रांत आहे, आपण मजुरीवर आणि हिंसेवर बोलावं. मला वाटतं, हे मजुरीचंच बोलणं आहे.

थोडं मागे जाऊ. कारखान्यातली आखणी संगणकाकडे सोपवण्याची पद्धत साधारण १९६०च्या दशकात अमेरिकेत रुजली. कल्पना सोपी आहे. शंभर सायकली जुळवायच्या तर दोनशे चाकं लागणार, इतक्या तारा, इतके नट. त्यातलं घरात काय आहे, बाहेरून काय आणायचं, ते यायला किती दिवस लागतात, म्हणजे मागणी कधी नोंदवायची, हे सगळं उलटं मोजत यायचं. लग्नघरात दोनशे पानांचा स्वयंपाक काढणारी बाई हेच करते. पुरणाची डाळ कधी भिजत घालायची हे ती पंगतीच्या वेळेपासून मागे मोजत ठरवते. फरक इतकाच की तिच्या डोक्यातल्या हिशेबाला कुणी शास्त्र म्हटलं नाही आणि त्यावर कुणी पदवी घेतली नाही. असो.

या सगळ्या आखणीचा पाया एकच: वस्तू कशाकशाची बनली आहे याची यादी आधीच हातात असते. कचऱ्याच्या धंद्यात ती यादी नसते. चुंगडी उलटी केल्याशिवाय आत काय आहे ते कुणालाच कळत नाही. आज पुठ्ठा जास्त, उद्या लग्नाच्या तिथीमुळे पाण्याच्या बाटल्या, पावसाळ्यात सगळं ओलं आणि म्हणून वजनाला जड, भावाला हलकं. जुळवणीच्या कारखान्यात अनेक वाटांनी माल येऊन एक वस्तू होते. इथे एका चुंगडीतून वीस वाटा फुटतात. म्हणून या धंद्यात खरी आखणी होते ती निवडणाऱ्या हातांत.

हे हात कसे चालतात ते मी पूर्व नागपुरातल्या काही गोदामांमध्ये बसून पाहिलं आहे. एक आजी आहेत, मिनीमाता नगरातल्या, मूळच्या छत्तीसगढच्या. त्या प्लास्टिक ओळखतात ते आवाजावरून. पन्नी चुरगळली की एक कडकडते, एक नुसती सरकते. दोघींचे भाव वेगळे. तांब्याची तार कुठली आणि तांब्याचा नुसता मुलामा दिलेली कुठली, हे त्या एका टोकाला खरवडून सांगतात. ‘जर्मन’ आणि पत्रा हातात घेतल्याबरोबर वेगळे होतात. पाण्याच्या बाटल्यांच्या ढिगातून त्या एखादीच बाटली काढून बाजूला टाकतात, कारण ती दिसायला सारखी असली तरी पीव्हीसीची असते. ती थोडी जरी मिसळली तरी पुढे वितळवताना सगळी खेप नासते. मी विचारलं, हे शिकवलं कुणी? त्या म्हणाल्या, ‘शिकवते कोन? माल वापस आला का सेठ पैसे कापते. दोनदा कापले का हाताले समजते, ताई.’

दर्जा तपासणी म्हणतात ती हीच. कारखान्यात या कामाला हुद्दा असतो, पगार असतो. इथे तीच कामगिरी रोजाच्या हिशेबानं आणि तीही सगळ्यात कमी रोजाची, कारण ‘बसून करायचं काम आहे, बायकाच करतात.’ पोती उचलणाऱ्या पुरुषाला जास्त, निवडणाऱ्या बाईला कमी. पोतं चुकीच्या ढिगावर पडलं तर उचलून पुन्हा टाकता येतं, निवड चुकली तर खेप जाते. तरी रोज ठरतो तो अंगच्या ताकदीवर.

आता संगणक या साखळीत नेमकं काय पाहतो? तो पाहतो काटा. नागपुरात २००८ पासून २०१९ पर्यंत घरोघरच्या कचऱ्याचं काम एका खासगी कंपनीकडे होतं. नोव्हेंबर २०१९ मध्ये शहर दोन भागांत वाटून दोन कंपन्यांकडे दिलं गेलं. दोन्ही वेळा पैसे मोजले गेले ते टनावर. टनावर पैसे म्हणजे जितकं जड तितकं चांगलं. कचऱ्यात माती आणि मलबा मिसळून वजन वाढवल्याच्या तक्रारी या शहरानं वर्तमानपत्रांतून वेळोवेळी वाचल्या आहेत. पण या हिशेबाची दुसरी बाजू कुणी वाचली नाही. पहाटे गाडीच्या आधी रस्त्यावर येणारी बाई जो पुठ्ठा, जी बाटली, जो लोखंडाचा तुकडा उचलून नेते तो काट्यावर चढतच नाही. म्हणजे पालिकेचे तेवढे पैसे वाचतात, डंपिंगची तेवढी जागा वाचते, आणि कंत्राटदाराचं तेवढं उत्पन्न बुडतं. तिच्या कामाचा आकडा जितका मोठा तितका पडद्यावरचा आकडा लहान. अशा यंत्रणेत ती बसते ती फक्त उणे चिन्हासारखी. आणि एखाद्या कंत्राटी माणसानं तिला गाडीजवळून हाकललं तर तो त्याच्या हिशेबानं बरोबरच वागत असतो.

जिला यंत्रणा मोजत नाही तिची ही गोष्ट. जिला मोजते तिची आणखी वेगळी. २०२०च्या आगेमागे नागपूर महापालिकेनं सफाई कामगारांच्या मनगटावर जीपीएसची घड्याळं बांधली. देशातल्या आणखी काही शहरांतही ती आली. बीटची हद्द नकाशावर आखलेली, कामगार म्हणजे त्यातला एक ठिपका. ठिपका हद्दीबाहेर गेला किंवा विझला की पगाराला कात्री. चंडीगडच्या कामगारांनी २०२० साली याविरुद्ध रस्त्यावर येऊन आंदोलन केलं. तिथल्या बायकांची एक मोठी धास्ती होती: घड्याळात कॅमेरा आहे, आवाज टिपला जातो, मग संडासात जाताना काय करायचं? ते खरं का खोटं हा वाद बाजूला ठेवू. कुणीही त्यांना बसवून, घड्याळ उघडून, यात काय आहे आणि काय नाही हे आधी समजावून सांगितलं नव्हतं, ही गोष्ट पुरेशी आहे.

शिवाय हद्दीची रेघ आखणाऱ्याच्या डोळ्यांपुढे कोण होतं? त्याच्यापुढचा कामगार आडोशाला उभा राहून मोकळा होणारा होता. बाईला मुतारी शोधत दोन गल्ल्या पलीकडे, ओळखीच्या घरी जावं लागतं. पाळीच्या दिवसांत जास्त वेळा. त्या जाण्याला पडद्यावर एकच नाव आहे, गैरहजेरी. आपल्या शहरात बायकांसाठी मुताऱ्या किती, हा प्रश्न आपण वर्षानुवर्षं विचारत आलो. आता त्याच मुताऱ्या नसण्याचा दंड बायकांच्या पगारातून कापता येईल अशी सोय झाली. घड्याळाची यंत्रणा गैरहजेरीची नोंद ठेवते, मग बीटवरच्या मुतारीचं दार कुलूपबंद असल्याची नोंदही तिला ठेवता आली असती. तशी ती ठेवावी असं कुणाच्या मनात आलं नाही.

तिसरा थर प्लास्टिकचा. फेब्रुवारी २०२२ पासून प्लास्टिकच्या वेष्टनात माल विकणाऱ्या कंपन्यांवर तेवढ्या प्लास्टिकची जबाबदारी आली. नोंदणी असलेला पुनर्वापर करणारा कारखाना पोर्टलवर प्रमाणपत्र काढतो, कंपनी ते विकत घेते. प्रमाणपत्राची किंमत कारखान्याला मिळते. त्या किलोची साखळी मागे मोजत या: कारखाना, दलाल, गोदाम, कबाडी, आणि टोकाला पन्नी उचलणारी बाई. पैसा या वाटेनं मागे येत नाही, तो पहिल्याच पायरीवर थांबतो. आणि हाच पोर्टल इतका कडक, की २०२३ साली मंडळाच्या तपासणीत लाखो प्रमाणपत्रं खोटी निघाली, त्यात महाराष्ट्रातलेही कारखाने होते. न उचललेल्या प्लास्टिकची नोंद संगणकात होऊ शकते, उचललेल्याची होत नाही.

यावर काही मैत्रिणींचं उत्तर असं, की मग संगणकच नको. मी त्या बाजूची नाही. ऐंशीच्या दशकात बँक कर्मचाऱ्यांच्या संघटनांनी संगणकाला विरोध केला आणि १९८३ साली व्यवस्थापनाबरोबर करार करून तो किती, कुठे यायचा याला मर्यादा घातल्या. संगणक शेवटी आलाच. पण त्या कर्मचाऱ्यांना टेबलाशी खुर्ची मिळाली होती. आमच्या बायकांना कुणी विचारलेलंच नाही, हा माझा आक्षेप आहे.

नोंद हे कष्टकऱ्यांचंही हत्यार असू शकतं, हे महाराष्ट्राला कुणी नव्यानं सांगायला नको. १९६९चा माथाडी कायदा काय आहे? हमालाचं नाव मंडळात नोंदलं गेलं, मालकानं मजुरी आणि वर लेव्ही मंडळात भरायची, त्यातून भविष्यनिर्वाह निधी आणि ग्रॅच्युइटी. नोंद झाली म्हणून ओझं वाहणारा माणूस ‘कामगार’ झाला. रोजगार हमीच्या कामावरच्या बायकांनी हजेरीपट मोठ्यानं वाचायला लावला, तेव्हा किती खोटी नावं गळाली!

पुण्यात १९९३ साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. तिनं पहिल्यांदा मागितलं ते ओळखपत्र, आणि नव्वदच्या दशकातच पुणे महापालिकेनं ते मान्य केलं. मग २००१ साली आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेसाठी झालेल्या अभ्यासात वेचकांमुळे पालिकेचा किती खर्च वाचतो याचा हिशेब मांडला गेला. मी वर म्हटलं ते उणे चिन्ह तिथे अधिक करून दाखवलं. २००८ मध्ये ‘स्वच्छ’ ही वेचकांची स्वतःची सहकारी संस्था पालिकेशी करार करून घरोघर जाऊ लागली. तिथे सगळं आलबेल आहे असं नाही, दर काही वर्षांनी करार नव्यानं टिकवावा लागतो. पण हिशेब कुणी मांडायचा, हा प्रश्न त्यांनी वेळेवर उचलला.

नागपूरला तो अजून उचलायचा आहे. २०१६च्या घनकचरा नियमांत वेचकांची नोंद घ्या, त्यांना ओळखपत्रं द्या असं स्पष्ट लिहिलं गेलं, २०२४ साली केंद्राच्या ‘नमस्ते’ योजनेतही वेचकांना घेतलं गेलं. पण नाव नोंदणं वेगळं आणि वजन नोंदणं वेगळं. नाव नोंदलं की सुरक्षा साहित्य मिळेल, विम्याचं कार्ड मिळेल, तेही हवंच. वजन नोंदलं की हक्क सांगता येतो: या महिन्यात आम्ही इतका माल भांडेवाडीला जाण्यापासून वाचवला, टनाला जो भाव कंत्राटदाराला देता तो आम्हालाही द्या. पुढचं कंत्राट निघण्याआधी आपण ही मागणी केली पाहिजे, आणि तिच्याबरोबर आणखी दोन. पगार कापण्याआधी कामगाराला तिची नोंद दाखवून तिचं म्हणणं ऐकायचं, आणि काट्याचे रोजचे आकडे झोन कार्यालयाच्या फळ्यावर मराठीत आणि हिंदीत लावायचे. अट छापून आल्यावर मोर्चा नेण्यात फारसा अर्थ नसतो.

वजन नोंदायचं कसं, याचा एक छोटा प्रयत्न आम्ही केला. काही बायकांनी दोनशे पानी वही घेतली, कुणाची सातवी-आठवीतली मुलगी संध्याकाळी त्यात लिहिते: पुठ्ठा इतका, पन्नी इतकी, भाव काय मिळाला. पहिल्याच महिन्यात दोन गोष्टी झाल्या. एकाच मालाचा भाव दोन कबाड्यांकडे वेगळा आहे हे सगळ्यांना दिसलं, आणि एका कबाड्यानं वही बंद करा म्हणून सांगितलं. तो वाईट माणूस नाही. मुलीच्या बाळंतपणाला, पोराच्या तापाला उचल देतो तो तोच, बँक देत नाही. त्याची उचल अंगावर असलेली बाई त्याच्या काट्यावर बोट ठेवायला कचरते, आणि उद्या पालिकेनं तिच्या हातात फोन देऊन ‘वजन भर’ म्हटलं तरी ती कबाडी सांगेल तेच भरेल. त्यामुळे आता बचतगटातून ही उचल फेडता येते का याची बोलणी चालू आहेत. तोवर वही एका घरी पिठाच्या डब्यामागे असते आणि मुलगी लिहिते.