सोलापूर ‘होतं’ म्हणणाऱ्यांना

दर दोन-तीन महिन्यांनी एक मजकूर फिरत फिरत माझ्या फोनवर येऊन पडतो. पाठवणारा बदलतो, मजकूर साधारण तोच असतो. जुनं सोलापूर ज्यांनी पाहिलं ते भाग्यवान, अशी सुरुवात. मग यादी : गिरणीचा भोंगा, टांगे, नव्या पेठेतली दिवाळीची खरेदी, चाटी गल्लीत बांधलेला बस्ता, मधल्या मारुतीपाशी मुंगीला वाट मिळू नये अशी गर्दी, प्रभात टॉकीजचा खेळ, किल्ल्याची बाग, गड्ड्याची जत्रा. शेवटी ‘गेले ते दिवस’. खाली हात जोडलेली चित्रं आणि पुण्यात, मुंबईत, न्यू जर्सीत पाणावलेले डोळे.

मी जेऊरचा. करमाळा तालुक्यात, पुणे-सोलापूर रेल्वेमार्गावर आमचं स्टेशन आहे. वय अठ्ठावीस, शिक्षण इंजिनिअरिंगचं, नोकरी पुण्यात सॉफ्टवेअरची. गिरणीचा भोंगा मी कधीही ऐकलेला नाही. त्यामुळे या विषयावर मी बोलू नये असं कुणाला वाटेल. पण हे जुनं सोलापूर माझ्या पिढीला वारशात मिळतंय, आणि वारसा घेताना कागदपत्रं तपासून घ्यावी लागतात. मी तपासली. त्यात मोठी खाडाखोड आहे.

माझं म्हणणं थोडक्यात असं : नव्या पेठेचं वैभव नव्या पेठेचं नव्हतं. ते गिरणीच्या पगाराचं होतं. पगार विसरून पेठ आठवणं म्हणजे तेल विसरून दिव्याचं कौतुक करणं. आणि हे विसरणं वाटतं तेवढं निरागस नाही.

सोलापुरात रेल्वे आली १८६० साली. सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग ही कापडगिरणी सुरू झाली १८७७ साली. नंतर आणखी गिरण्या आल्यावर लोक तिला ‘जुनी मिल’ म्हणू लागले. त्या पुढच्या गिरण्या म्हणजे लक्ष्मी, विष्णू, नरसिंगगिरजी. दुष्काळी पट्ट्यातल्या गावांतून मराठी आणि कानडी माणसं आली, तेलंगणातून पद्मशाली विणकर आले. एकाच चौकात मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू ऐकू येणारं हे शहर कुणी सौहार्दाचा ठराव करून वसवलेलं नाही. ते कामानं वसवलं. पगार झाला की वाण्याची उधारी फिटायची, मुलाला चप्पल यायची, बायकोला लुगडं, आणि उरलेल्या पैशांत सिनेमाचं तिकीट. पेठ म्हणजे हीच साखळी. तिच्या वरच्या टोकाला कपड्यांची दुकानं आणि थिएटरं होती, खालच्या टोकाला साच्यापाशी उभा असलेला माणूस. आठवणींच्या मजकुरात वरचं टोक पूर्ण तपशिलानं येतं. खालच्या टोकाचा फक्त भोंगा येतो, तोही घड्याळासारखा गोड. ज्याला त्या भोंग्यावर पाळीला हजर व्हावं लागे, त्याला तो कसा ऐकू येत असेल, हे कुणी विचारत नाही.

गिरण्या बंद पडल्या त्याचं काय? मजकुरात एका ओळीत उत्तर असतं : काळ बदलला. मराठीतलं हे सगळ्यात सोयीचं वाक्य असावं. यात कर्ता नाही, त्यामुळे आरोपीही नाही.

आता एक गोष्ट सांगतो, जी वकिलीच्या विद्यार्थ्यांना परीक्षेपुरती ठाऊक असते आणि बहुतेक सोलापूरकरांना नसते. १९४९ साली जुनी मिल बंद पडली. कारण काळ बदलला हे नव्हतं, गैरव्यवस्थापन होतं. हजारो लोकांच्या हातचं काम गेलं. तेव्हा केंद्र सरकारनं काय केलं? जानेवारी १९५० मध्ये या एका गिरणीसाठी अध्यादेश काढला, मग संसदेनं खास कायदा केला आणि गिरणीचा कारभार मालकांच्या हातून काढून घेतला. देशाचं संविधान तेव्हा नुकतंच लागू होत होतं. एका भागधारकानं त्या कायद्याला आव्हान दिलं, तो चिरंजितलाल चौधरी खटला. सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर १९५० मध्ये बहुमतानं कायदा टिकवला. पुढे १९५३ साली द्वारकादास श्रीनिवास खटल्यात त्याच न्यायालयानं उलट निकाल दिला : ही मोबदला न देता घेतलेली मालमत्ता आहे. अशा निकालांना उत्तर म्हणून १९५५ साली संविधानात चौथी दुरुस्ती झाली.

म्हणजे पाहा. सोलापुरातली एक गिरणी बंद पडली, तर दिल्लीत अध्यादेश निघाला, कायदा झाला, दोनदा सर्वोच्च न्यायालयात भांडण झालं आणि संविधान दुरुस्त करण्याच्या कारणांत तिची भर पडली. शेवटी ती गिरणी वाचली नाही, हे खरं. पण गिरणी बंद पडणं ही तेव्हा घटना होती, तिला कारण होतं, आणि कुणाला तरी उत्तर द्यावं लागत होतं. पुढे लक्ष्मी, विष्णू, नरसिंगगिरजी एकेक करून थंडावल्या. तेव्हा मात्र तो ‘काळाचा महिमा’ झाला होता. या दोन बंद पडण्यांमध्ये आपलं काय हरवलं? माझ्या मते, भोंग्यापेक्षा मोठी गोष्ट हरवली : जाब विचारण्याची सवय.

माझ्या धंद्यातली एक पद्धत इथे सांगण्यासारखी आहे. आमची एखादी यंत्रणा कोसळली की दुसऱ्या दिवशी सगळे बसून एक टिपण लिहितात. किती वाजता पडली, त्याआधी कुठला बदल केला होता, इशारे कधी आले, कुणी दुर्लक्ष केलं, पुन्हा होऊ नये म्हणून काय करायचं. ‘आपला सर्व्हर किती छान होता, त्याच्या पंख्याचा आवाज अजून कानात आहे’ असं त्या टिपणात कुणी लिहिलं तर त्याला हसतील. शहर म्हणजे सर्व्हर नव्हे, हे मला कळतं. पण एक अख्खं औद्योगिक शहर हळूहळू बंद पडलं आणि त्याबद्दल आपल्याकडे शंभर आठवणी व एकही टिपण नाही, हेही मला कळतं.

आता त्या आठवणीत कोण नाही ते पाहू.

सोलापुरात ‘सेटलमेंट’ नावाचा भाग आहे. रिक्षावाल्याला नाव सांगितलं की तो नेऊन सोडतो. हे नाव कुठून आलं? इंग्रजांनी १८७१ च्या कायद्यानं काही जमातींना जन्मजात गुन्हेगार ठरवलं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांत सोलापुरात अशा कुटुंबांची तारेच्या कुंपणातली वसाहत उभी राहिली. हजेरी द्यायची, परवानगीशिवाय बाहेर जायचं नाही. आणि या वसाहतीतली माणसं कामाला कुठे जात? गिरण्यांत. म्हणजे ज्या भोंग्यानं आपले डोळे पाणावतात, तो भोंगा ऐकून कुणी कुंपणातून बाहेर येई आणि पाळी संपली की पुन्हा कुंपणात जाई. तो कायदा रद्द झाला ऑगस्ट १९५२ मध्ये. जुन्या सोलापूरच्या यादीत टांगे येतात, ही तार येत नाही.

दुसऱ्या विडी कामगार बायका. मांडीवर सूप घेऊन, पानं कापून, दर हजार विड्यांमागे ठरलेल्या मजुरीवर त्यांनी घरं चालवली. गिरण्या गेल्या आणि पुरुषांचे पगार थांबले, तेव्हा पूर्व भागातल्या किती चुली या सुपांवर पेटत राहिल्या असतील! या बायकांनी संघटित होऊन कुंभारीला दहा हजार घरांची गोदूताई परुळेकर वसाहत मिळवली. २००६ साली पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते त्या घरांचा ताबा दिला गेला. पुढे त्याच कुंभारीत असंघटित कामगारांसाठी तीस हजार घरांचा रे नगर प्रकल्प उभा राहिला आणि त्याच्या पहिल्या घरांसाठी जानेवारी २०२४ मध्ये पंतप्रधान मोदी आले. गेल्या वीस वर्षांत सोलापुरात घडलेली एवढी मोठी गोष्ट कुठल्याही नॉस्टॅल्जिक मजकुरात नसते. कारण ती ‘गेली’ नाही, ती चालू आहे. आपल्या आठवणीला चालू असलेल्या माणसांचं वावडं आहे.

तिसरे आम्ही, तालुक्याची माणसं. आमच्याकडे सोलापूरला जाणं म्हणजे काय? कलेक्टर कचेरी, कोर्ट, सिव्हिल हॉस्पिटल, आणि लग्न असेल तर बस्ता. सकाळच्या गाडीनं केम, कुर्डुवाडी, माढा, मोहोळ करत शंभराहून जास्त किलोमीटर जायचं, काम होवो न होवो, संध्याकाळच्या गाडीनं परतायचं. सोबत कडक भाकरी आणि शेंगाचटणी. नवी पेठ पाहायची ती बाहेरून, पिशवी पोटाशी धरून. माझ्या आज्जीला विचारलं तर तिला सोलापूरचं आठवतं ते सिव्हिलच्या बाहेरचं झाड. तिची आठवण खोटी आहे का? नाही. पण ती फॉरवर्ड होत नाही.

जेऊरच्या माणसाला हा जुन्याचा सोहळा लगेच ओळखू येतो, त्याचं कारण उजनी. १९८० साली धरण पूर्ण झालं आणि आमच्या बाजूची भीमाकाठची गावं पाण्यात गेली. कडक उन्हाळ्यात पाणी उतरलं की जुनी देवळं वर येतात. मग गाड्या येतात, ड्रोन येतात, गंभीर आवाजातले व्हिडिओ निघतात. ज्यांची घरं बुडाली त्यांच्या पुनर्वसनाचं काय झालं, हे विचारायला त्यातली एकही गाडी थांबत नाही. देऊळ सुंदर दिसतं, कारण त्याच्याभोवतीचं गाव दिसत नाही. जुन्या सोलापूरचंही असंच आहे.

याच उजनीचं पाणी सोलापूर शहराला जातं. आमची गावं बुडवून साठवलेलं हे पाणी सोलापूरच्या नळाला वर्षानुवर्षं तीन-चार-पाच दिवसांआड येत आलंय. जानेवारी २०१६ मध्ये स्मार्ट सिटीच्या पहिल्या वीस शहरांत सोलापूरचं नाव आलं, तेव्हाही पाणी रोज येत नव्हतं. पण शहरावर प्रेम असलेली माणसं एकत्र जमली की बोलणं कशावर येतं? पूर्वी पार्क चौकात किती शांत वाटायचं यावर. राज्यकर्त्यांना याहून सोयीचा नागरिक कुठला? जो आजचं काही मागत नाही, फक्त कालचं आठवतो. त्याला पाणी द्यावं लागत नाही, काम द्यावं लागत नाही. एखाद्या जुन्या इमारतीवर रंगीत दिवे सोडले की तो फोटो काढतो आणि खूश होतो.

यावर मला मिळणारं उत्तर ठरलेलं आहे : अरे बाबा, आठवणी काढल्या तर तुझं काय बिघडतं? म्हातारपणी माणसाला तेवढाच विरंगुळा.

बिघडतं ते सांगतो. २०११ च्या जनगणनेत सोलापूर शहराची लोकसंख्या साडेनऊ लाख होती. साडेनऊ लाख माणसं जिथे राहतात, त्या शहराबद्दल आपण सतत भूतकाळात बोलतो. शाळेतल्या पोरानं हे पंधरा वर्षं ऐकलं की त्याची खात्री पटते : इथे जे व्हायचं ते होऊन गेलं, आता बॅग भरायची. सोलापूर, मोहोळ, माढा, करमाळा, सगळीकडून आम्ही बॅगा भरल्या. रविवारी रात्री पुण्याकडे जाणाऱ्या गाडीचा जनरल डबा पाहा. त्यात जुन्या सोलापूरच्या आठवणी असलेलं कुणी नसतं. त्या आठवणींनी ज्यांना निघायला सांगितलं, ती पोरं असतात.

आणि विरंगुळ्याबद्दल. ज्या म्हाताऱ्यानं तीस वर्षं गिरणीत काढली, त्याच्या आठवणीला मी हात लावणार नाही. ती त्याची कमाई आहे. तो बोलू लागला की भोंग्याबरोबर धूळ येते, खोकला येतो, राहिलेली देणी येतात. माझं भांडण त्याच्याशी नाही. ते पेठेतून पिशव्या भरून घरी गेलेल्या, पुढे शहरच सोडून गेलेल्या आणि आता दुरून हळहळणाऱ्या वर्गाशी आहे. त्यांना एकच विचारतो : सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन मिळून बरीच वर्षं झाली, तरी तिच्या नावावर पानिपतचा माल विकला जातो. तुम्ही सोलापूरच्या मागावरची चादर शेवटची कधी विकत घेतलीत?

आठवा, जरूर आठवा. पण पूर्ण आठवा. भोंगा लिहाल तर तो कोणत्या साली थांबला तेही लिहा. त्या दिवशी किती लोक घरी बसले, त्यांची देणी मिळाली का, गिरणीच्या जागेचं पुढे काय झालं, त्यांची मुलं आज काय करतात, हे शोधून लिहा. नव्या पेठेतलं दुकान आठवत असेल तर त्या दुकानात कामाला असलेल्या माणसाला पगार किती होता हेही विचारा. अशा शंभर नोंदी जमल्या तर ते टिपण होईल, आणि टिपण हातात असलं की महापालिकेत, विधानसभेत, कोर्टात जाता येतं.

१९५० साली सोलापूरच्या एका बंद गिरणीमुळे सरकारला अध्यादेश काढावा लागला. आपल्या आजच्या हळहळीमुळे कुणाला साधं उत्तरही द्यावं लागत नाही.